छेरछेऱ्याचा पहिला घोट

चालू झाला का तुहा मोबाइल? बरं. मंग सुरवातीपासून सांगते, मधात टोकू नको, मले टोकलं का मी भलतीकडंच जाते.

माहा जन्म इथचाच, रायपूरचा. बाप वर्ध्याकडचा, रेल्वेत लागला, बदली होऊन इकडं आला, म्हणे दोन-चार वर्सं काढू न् जाऊ गावाले, आन् मंग इथीच मेला बिचारा, रेल्वेच्या क्वार्टरात. घरात मराठी, अंगणात छत्तीसगढी, शाळेत हिंदी, त्याच्यानं माही भाषा अशी खिचडी. तू पुण्याकडची, वरच्या खोलीत भाड्यानं राहून माह्यं बोलणं रोज ऐकतेस, तुले हसू येत असन, हस बाप्पा, मले काई वाटत नाई. तसं मधात मले कशाचंच काई वाटे नाई, ते पुढं सांगते.

लग्न बी रेल्वेतच झालं. आमचे हे वर्कशॉपात फिटर. बोलणं कमी, हात सारखा कशात तरी. शेजारी एक गार्डसाहेब राहात, ख्रिश्चन, त्यायची बायको दर साली बरणीत जांभळं न् साखर घालून ठेवे आन् नाताळात घरोघरी वाइन वाटे. हे तिच्यापाशी शिकले. मी म्हणे, अवो चांगल्या घरचे तुम्ही, हे काय बाटल्या-बुधल्या घेऊन बसले? हे म्हणत, अवं दारू वेगळी, वाइन वेगळी. मी म्हणे, पेऊन माणूस झिंगते ना? मंग एकच.

रिटायर झाल्यावर यायनं वावर घेतलं. आता तू जिथी नोकरीले जातेस ना, नव्या रायपुरात, त्याच्याही पलीकडं, तवा तिथी रस्ता नाई, बस नाई, दिवसाढवळ्या कोल्हे फिरत. वावर कायचं, नुसता मुरूम, धान होये नाई, पण बांधावर जांभळाची झाडं, कवेत न मावणारी. सारे म्हणे, फसला मराठी. लायसनसाठी चकरा मारू मारू यायच्या चपला झिजल्या, मंग एक शेड बांधला, ड्रम आणले, दारावर पाटी लावली, वाइनरी. ती गोष्ट इथी आपल्या मराठी मोहल्ल्यात, तात्यापाऱ्यात पोचली. माह्याच घरी हळदीकुंकू होतं, तं एक बाई मले सगळ्यांसमोर विचारते, काय वो, तुम्ही म्हणे दारू गाळता? मी म्हणलं हो, आन् आता हे सरबत पेऊन राहिल्या ना तुम्ही, ते तिथचंच आहे. अवं तिनं तोंडातला घोट तसाच रुमालात सोडला! कोकमचं सरबत होतं ते. बाया गेल्यावर मी हसली, हसली, आन् हे बी हसले, हे असे हसत नसत कधी.

तं जांभूळ. जेठ सरता सरता जांभूळ पिकते. झाडाखाली जुनी लुगडी अंथरायची, फांद्या हलवायच्या. वावराच्या बाजूच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, बिसाहिन राहते, माह्याच वयाची, पहिल्या सालापासून आमच्याकडं कामाले, तोंडानं फटकळ, मले दाई, म्हणजे आई म्हणते आन् माह्यावरच ओरडते. आम्ही दोघी जांभळं हातानं कुस्करत बसायच्या, जोरानं नाई, बी फुटली का कडू येते. नखं जांभळी, लुगडी जांभळी, बसमधे लोकं सरकून बसत. मंग ते सगळं ड्रमात, झाकणाले एक नळी, नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत, म्हणजे आतली हवा बुडबुड करत बाहेर जाते, बाहेरची आत येत नाई. त्या बाटलीतलं पाणी सुकू द्यायचं नाई, बस, एवढंच जपायचं. हे शेडच्या दारात खाट टाकून ती बुडबुड ऐकत बसत, जसं काई आत लेकरू झोपलं आहे.

आन् ड्रम उघडायचा छेरछेऱ्याले. तुले माहीत नसन. पुसाच्या पुनवेले होते इकडं. धान घरात आलं असते, तवा सारं गाव दारोदार फिरते, लहान-मोठे सगळे, छेरछेरा, छेरछेरा ओरडत, आन् ज्याच्या दारात गेले त्यानं सुपातलं धान द्यायचं, नाई म्हणायचं नाई. त्या दिवशी मागायची लाज कोणालेच नसते, गावातला मोठ्यातला मोठा माणूस बी मागते. यायनं ठरवलं का आपला ड्रम बी त्याच दिवशी खोलायचा. लेकरांले धान न् तिळाचा लाडू, मोठ्यांले धान न् छोटा गिलास. पहिला घोट जांभळाच्या मुळाशी, ते बिसाहिननं लावून देल्लं, देवाले देल्ल्याशिवाय तिच्यात कोणी तोंडाले लावत नाई. दुसरा घोट मले.

मले काहून? तं मले आवडत नाई म्हणून. हे म्हणत, ज्याले आवडते त्याची जीभ खोटं बोलते. पहिल्या साली मी घोट घेतला आन् माहं तोंड असं झालं, हे पाह्य, एक डोळा बंद, नाक वर, ओठ वाकडा, पण गिळला. सारे खो खो हसले. हे म्हणे, जमली. मंग एका साली बिघडली होती, तवा मी तोंड वाकडं करायले बी थांबली नाई, पचकन थुंकली. तवापासून तो नियमच झाला. तोंड वाकडं करून गिळलं तं वाइन चांगली, थुंकलं तं सिरका, जा लोणच्यात घाला. सारं गाव माह्या तोंडाकडं पाहे. तात्यापाऱ्यातल्या बाया बी येऊ लागल्या मंग, त्याच, रुमालवाल्या, म्हणे आम्ही फक्त पाहायले आलो, आन् गिलास पदराआड.

मागच्या साली हे गेले. ड्रम भरून झाले होते, आखाडाचे दिवस, जेवले, शेडच्या दारात खाटेवर पडले. मी म्हणलं चहा ठेवू का. बोलले नाई. परत म्हणलं, चहा ठेवू का. डॉक्टर म्हणे हार्ट.

काय सांगू पोरी तुले, मी रडली नाई. बाया म्हणे, रड वो, मोकळी हो, मी म्हणलं, येईन तवा रडीन, आता काय हुकूम करू का डोळ्याले? जेवत होती, झोपत होती, सगळं करत होती. तेरवीच्या दिवशी सून म्हणे, आई भाजीत मीठ जास्त झालं का, मी म्हणलं नाई, बरी आहे, आन् मान वर करून पायलं तं पंगतीत कोणीच ती भाजी खाऊन नाई राहिलं, खारट झालती नुसती. तवा मले समजलं का माह्या तोंडाले चव नाई. गोड नाई, खारट नाई, आंबट नाई. हिरवी मिरची चावून पायली, आग होये, चव नाई. कोणाले सांगतलं नाई. सांगून काय, डॉक्टरकडं नेतन न् गोळ्या देतन.

राजू, माहा पोट्टा, तू पायला आहे त्याले, सरकारी ऑफिसात आहे, मराठी सगळी समजते पण उत्तर हिंदीतच देते. तो म्हणे, आई, बेच देते हैं, कौन देखेगा वहाँ. त्याचं बी काई चूक नव्हतं. मी म्हणलं, टाक विकून वावर. ते बिसाहिनले समजलं तं ती बस पकडून इथी आली, पायरीवर बसली, पाणी बी घेतलं नाई, म्हणे, दाई, ए बछर के छेरछेरा मना लेथन, फेर बेच देबे, म्हणजे यंदाचा छेरछेरा करून घेऊ, मंग विकजो. राजू म्हणे, ठीक है, ड्रम खोलते हैं, अच्छी निकली तो एक साल और रखेंगे, खराब निकली तो बस. बिसाहिन म्हणे, हव. दोघांनी माह्याकडं पायलं. म्हणजे सगळं माह्या तोंडावर आलं, आन् तोंडात तं काईच नव्हतं माह्या. मले वावर पाहिजे होतं का? होतं. यायची खाट तिथी होती, ती बुडबुड तिथी होती, मले दुसरीकडं कुठी बसून यायची आठवण येत नव्हती. पण पाहिजे आहे, हे मी डोक्यानं म्हणे, आतून काई हले नाई.

छेरछेऱ्याले सारे आले. ओरडत आले, पण फाटकात आल्यावर गप झाले. मी सुपानं धान वाटलं, लाडू वाटले. राजूनं तोटी खोलली, मुळाशी घोट टाकला, गिलास माह्या हातात देल्ला. मी तोंडाले लावला. थंड पाणी, बस. नुसतं थंड पाणी. सारे पाहून राहिले, बाया, म्हातारे, राजू. मी गिळलं, आन् तोंड वाकडं करायले गेली तं होईचना, खोटं करता येत नाई ते. मंग मी सरळ म्हणलं, मले काई लागून नाई राहिलं. हे गेल्यापासून मले कशाचीच चव नाई.

 राजू म्हणे, आई, बताया क्यों नहीं? मी म्हणलं, तू विचारलं होतं का?

तवा बिसाहिन उठली. माह्या हातातला गिलास घेतला, मोठा घोट मारला, आन् तिनं तोंड केलं. माहं तोंड! एक डोळा बंद, नाक वर, ओठ वाकडा, अगदी तसंच, मंग गिळलं आन् म्हणे, हव, बने हे, म्हणजे चांगली आहे. सारे हसले. अवं, मले आरशात माहं तोंड असं कधी दिसलं नव्हतं, आन् त्या बाईले पाठ होतं. मंग सगळ्यांनी गिलास घेतले, तात्यापाऱ्यातल्या बायांनी बी, पदराआड बी नाई केलं, आन् गिलास रिकामे करून ठेवले. राजू झाडाकडं तोंड करून पेला, म्हणे ठीक है. वावर राहिलं. मले तवा बी काई वाटलं नाई, मी गिलास धुवाले घेतले.

आता होळी झाल्यावर राजू मले वावरात घेऊन चालला होता गाडीनं, तं मधातच म्हणे, आई, एक बात बोलूँ? वो वाइन नहीं थी, सिरका था. मुँह में रखा नहीं जा रहा था. मी म्हणलं, चल, सगळ्यांनी पेली. तो म्हणे, हाँ, बिसाहिन ने एक बार सबकी तरफ देखा, बस, सब पी गए. मंग मले समजलं, ती बाटली. यायच्या मागं त्या बाटलीत पाणी कोणं टाकलं असन? सुकली असन ती, बाहेरची हवा आत गेली असन. मी म्हणलं, आन् तू काहून पेला रे, तुले तं विकायचंच होतं? गाडी चालवत राहिला. मंग म्हणे, मराठीत म्हणे, बाबांची होती ना.

आन् पोरी, माह्या तोंडाले पाणी सुटलं. आंबट म्हणलं का सुटते ना, तसं. जिभेखाली, दोन्ही बाजूनं. मी गिळून घेतलं, परत सुटलं. मंग डोळ्यालेबी सुटलं. राजूनं गाडी बाजूले घेतली, मी म्हणलं चालव, थांबवू नको, आलं आहे तं येऊ दे.

तं असं आहे. मीठ मले अजून बी समजत नाई, तुह्या चहात साखर किती पडली ते तूच सांग. पण आंबट समजते. काल कैरी खाल्ली, समजली. झाडाले यंदा भरपूर जांभूळ आहे, हिरवं आहे अजून. बाटलीत पाणी यंदा मी टाकीन, खाट तिथीच आहे. बिसाहिनले मी काई बोलली नाई, तिले वाटू दे का मले माहीत नाई. सुखी राह, आन् पुसाच्या पुनवेले येजो छेरछेरा मागायले, धान देईन, गिलास देईन. आन् आंबट निघाली तं मुकाट्यानं पेजो, तोंड वाकडं करायचं काम माहं आहे.