संग्रहालयातल्या माझ्या चपला

हसायचं तर हसा, पण चपलेपायी माझी कशी शोभा झाली ते ऐकाच. नातीच्या शाळेची सहल पुण्याला कॉम्प्युटरचं संग्रहालय बघायला निघाली, नि पोरी सांभाळायला बाईमाणूस म्हणून मलाबी घेतलं. नात रेवा नगरपास्नं सुप्यापर्यंत बजावत हुती, "आजी, तिथं एक शब्द बोलायचा न्हाई. मैत्रिणी हसत्यात मला."

तिथं एका खोलीत जुने कॉम्प्युटर मांडलेले. माहिती देणारा म्हणला, "पूर्वी धूळ जाऊ नये म्हणून लोक चपला काढूनच आत जायचे." मी लगेच उंबऱ्यापाशी काढल्या. बाकी समदे बुटासकट आत, मी एकलीच अनवानी.

परत येऊन बघते तर दुसऱ्या शाळेची पोरं माझ्या चपलांभोवती गोळा झालेली, नि दुसरा माहितीवाला त्यांना सांगतोय, "ह्या बघा, चाळीस वर्षांपूर्वीच्या चपला. हात लावू नका."

मी व्हट दाबून धरले. पण चाळीस वर्सं? न्हाई सोसवलं. "अरे बाबा, दिवाळीला भिंगारच्या बाजारात घेतल्यात!"

पोरं खिदळली. एक कार्टं म्हणलं, "सर, ह्या आजी पन इथल्याच का?"

मागं रेवा उभी. म्हणलं, आता ही काय वळख दाखवत न्हाई. तर तिनं चपला उचलून माझ्या पायाशी ठेवल्या नि म्हणली, "न्हाई. ही माझी हाय."

परतीला अख्ख्या वाटेनं मी बोलत हुते. तिनं एकदाबी गप केलं न्हाई.