कागदावरचं अकरावं भोक

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर एक आजी बसल्या होत्या. आजोबा डोळे तपासून घेऊन बाहेर आले.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"नजर चोख आहे. नंबरसुद्धा बदलला नाही."

"नेमबाजीच्या स्पर्धेत आपला कागद सोडून बायकोच्या कागदावर गोळी मारली, हे सांगितलंत?"

"सांगितलं. हसले."

"हसायला काय झालं? चाळीस वर्षं एअर रायफल चालवणारा माणूस! दहा-दहा गोळ्या मारायच्या, तर तुमच्या कागदावर नऊ भोकं आणि माझ्या कागदावर अकरा!"

"शेजारी शेजारी उभं राहिलं की होतं असं कधी कधी."

"मला मेलीला वाटलं, मोतीबिंदू झाला. चार दिवस घास गोड लागला नाही."

"अगं, पण कप तुलाच मिळाला ना?"

"मिळणारच! कुठलं भोक कुणाचं ते कळेना, म्हणून पंचांनी सगळ्यात वाईट भोक सोडून माझी दहा मोजली. माझी तिसरी गोळी तर पार कडेला गेली होती."

"हो ना. दुर्बिणीतून बघितली मी."

"कधी बघितलीत?"

"शेवटची गोळी भरायच्या आधी."

आजींनी वळून आजोबांकडे नीट बघितलं.

"काय झालं?"

"तुमची ती गोळी माझ्या कागदावर बसली कुठे होती हो?"

"बरोबर मधोमध."

"लबाड कुठले! उठा, चला घरी. आणि कप मी परत देणार नाही, सांगून ठेवते."