आप्पांनी मागं ठेवलेलं प्यादं

हसू नका, माझं डोकं अजून तापलेलंच आहे. रविवारी बुद्धिबळ क्लबात माझा डाव आप्पांशी लागला. आप्पा क्लबातले सगळ्यांत जुने, अख्ख्या सोलापुरात आपणच शहाणे असा तोरा. मी दुसऱ्याच चालीला राजाच्या उंटासमोरचं प्यादं पुढं ढकललं, फुकट खायला दिलं. यात राजा उघडा पडतो, पण हल्ला लई जोरात चढतो.

आप्पा म्हणाले, "ताई, चुकलात की!"

"चुकले न्हाई. मुद्दाम दिलंय, खावा."

तर या माणसानं स्वतःच्या हातानं माझं प्यादं उचलून मागं ठेवलं! वर म्हणतात, "असू द्या, बायकांना आपण सवलत देतो."

मी प्यादं परत पुढं ठेवलं आणि घड्याळ दाबलं. आप्पांनी ते हसत खाल्लं. मग मी घोडा काढला, उंट काढला, एक हत्तीही सोडला आणि वजिरानं मात केली.

आप्पा उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ताईंचं मन मोडू नये म्हणून जरा सैल खेळलो."

मी सोंगट्या पुन्हा मांडल्या. "बसा आप्पा. आता घट्ट खेळा."

आप्पांना एकदम घरच्या जेवणाची आठवण झाली. सकाळचे दहा वाजले होते!