होर्तीकरांचं भूत बोलत का नाही?

सन्माननीय अध्यक्ष सिद्धेश्वरराव वकीलसाहेब, व्यासपीठावर विराजमान झालेले सोलापूरचे प्रकाशक महोदय, पुण्याहून एवढी धूळ खात आमच्या धाराशिवपर्यंत आलेले प्राध्यापक महाशय, वाचनालयाचे कार्यकर्ते, समोरचे रसिक गृहस्थहो, डाव्या अंगाला सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या मायबहिणींनो, आणि आजचे सत्कारमूर्ती, भयकादंबरीकार महारुद्र होर्तीकर, म्हणजे माझे थोरले बंधू, आमचे अण्णा!

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढं ‘बालपणीच्या गमती’ असं छापलेलं आहे. मुलींच्या शाळेत उभी हयात शिकवण्यात गेली, त्यामुळं दिलेल्या विषयाला धरून बोलावं हे मला कळतं. पण आज ते माझ्याच्यानं होईलसं वाटत नाही. अध्यक्षमहाराजांच्या हाताशी घंटी आहे, ती त्यांनी जरा लांब सरकवून ठेवावी अशी माझी आधीच विनंती आहे.

या समारंभाचं नाव काय, इथपासूनच माझी घालमेल सुरू होते. पत्रिकेवर आहे ‘एकसष्टीनिमित्त सत्कार’. दारातून आत येताना मात्र मला तिघांनी विचारलं, “बाई, निरोपाला आलात व्हय?” निरोप कुणाचा? तर लेखणीचा. माझ्यानंतर अण्णा उत्तराचं भाषण करणार, आणि त्यात यापुढं एक ओळ लिहिणार नाही असं जाहीर करणार. त्यांच्या खिशात त्या भाषणाचा कागद आहे. मघापासून त्यांचा हात तिथंच आहे, मला इथून दिसतोय.

मघाशी प्राध्यापक महाशयांनी एक प्रश्न टाकला. वयाबरोबर होर्तीकरांची लेखणी उतरली काय? प्रश्न विचारून त्यांनी उत्तर मोठ्या सभ्यपणानं टाळलं. पाहुण्यानं टाळावं, ते शोभून दिसतं. मी घरची आहे, मी टाळत नाही. होय, उतरली. ‘बाराची हाक’ लिहिणाऱ्या माणसानं ‘उंबऱ्यावरची घागर’ लिहावी, याचं मला वाईट वाटतं. बसा, बसा, टाळ्या नकोत. माझं संपलेलं नाही.

‘बाराची हाक’ आली तेव्हाचे दिवस आठवून बघा. निजामसरकारचा अंमल. चार माणसं एका जागी बसवायची तर परवाना लागायचा. वाचनालयानं पुस्तकाच्या जाहीर वाचनासाठी अर्ज केला की पोलिसांचे अमीनसाहेब विचारायचे, “किताब में क्या है?” आमचे चिटणीस सांगायचे, “साहेब, भूत आहे.” “सरकार के खिलाफ तो कुछ नहीं?” “न्हाय साहेब, माणसांच्या खिलाफ आहे.” लगेच शिक्का. वर अमीनसाहेब स्वतः येऊन मागच्या बाकावर बसायचे, आणि जाताना शिपायाला म्हणायचे, “मेरे साथ चलो.” हसताय, पण तुम्ही तरी त्या संध्याकाळी एकटे घरी गेला होता का? चिंचेखालनं जायला नको म्हणून अर्धं गाव वळसा घालून जात होतं!

आणि त्यांची भुतं रात्रीची नव्हती, ही खरी त्यांची करामत. इतर लेखक अमावस्या शोधायचे, स्मशान शोधायचे. अण्णांचं भूत यायचं भर दुपारी बाराला. लख्ख ऊन, सावली पायाखाली गेलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि विहिरीच्या कडेला बाई उभी. रात्रीच्या भुताला निदान कंदील तरी दाखवता येतो. दुपारच्या भुताला काय दाखवाल?

आता ही एक बालपणीची गंमत सांगते, म्हणजे पत्रिका खोटी ठरायची नाही. ही करामत अण्णांना सुचली नव्हती, त्यांच्या अंगात होती. ते भित्रे होते. अण्णा, रागवू नका, येडशीत ही गोष्ट पोराटोरांना ठाऊक आहे. आमचं येडशीला कापडाचं दुकान. बारा वाजले की अण्णा एक फळी लावून आत बसायचे, ते ऊन कललं की बाहेर यायचे. स्टेशनवर सोलापूरच्या मालाची गाठ येऊन पडली तरी हलायचे नाहीत. शेजारच्या गंगम्मा त्यांची चेष्टा करायच्या. गंगम्मांचं माहेर अणदूर, बोलणं अर्धं कानडी, अर्धं मराठी. अण्णा लग्नकार्याचे झाले तरी त्या त्यांना ‘तम्मा’ म्हणायच्या, म्हणजे धाकटा भाऊ. “तम्मा, बाहेर ये की, भूत जेवायला गेलंय!” असं दारात उभ्या राहून ओरडायच्या. त्या हाकेवरच अण्णांना पहिली कादंबरी सुचली, हे आज मी जाहीरपणे सांगते.

तर मग उतरलं कुठं? प्राध्यापक महाशयांनी नेमकं बोट ठेवलं. गेल्या वर्षभरात अण्णांनी झपाटल्यासारखी तीन लहान पुस्तकं लिहिली. तिन्हींत एकच बाई. दुपारी येते, ओंजळ पुढं करते, नायक तिला पाणी घालतो, पुस्तक संपतं. ती बोलत नाही, घाबरवत नाही, कुणाला झपाटत नाही. “हे भूत म्हणावं की पाणपोईवरचं गिऱ्हाईक?” असं प्राध्यापक म्हणाले, सभागृह हसलं. मीही हसले असते. एका वाचकानं तर पुस्तक वाचनालयात परत आणून दिलं, “यात भीती न्हाय, बदलून द्या,” म्हणून! आणि शेवटच्या पुस्तकातली ती सात-आठ पानं. नायक घागर भरून उंबऱ्यावर बसतो. बसतो आणि बसूनच राहतो. ऊन सरकतं, माशी येते, माशी जाते. “या पानांवर लेखक झोपला आहे,” असं प्राध्यापकांनी त्यांच्या लेखात लिहिलंय.

त्यांनी तसं लिहिणं अगदी साहजिक आहे. पुण्यात बसून दुसरं काय दिसणार? मला मात्र ती पानं वाचल्यापासून झोप नाही. वाचून आठवडा झाला, आणि या आठवड्यात माझ्या हातून सरळ भाकरी झालेली नाही.

वकीलसाहेब, घंटीकडं बघू नका. थोडंच राहिलंय.

मी ज्या दिवसांबद्दल बोलणार आहे त्याबद्दल आपल्याकडं कुणी बोलत नाही. डाव्या अंगाच्या चौघीपाचजणींनी आत्ताच माना खाली घातल्या, म्हणजे त्यांना कळलं. पोलिस ॲक्शनच्या आधीचा तो उन्हाळा. गावोगाव बंदूकवाले फिरत होते. येडशीचे तरणे पुरुष हद्दीपलीकडं बार्शीकडं गेले, आणि आम्ही बायका, लेकरं, म्हातारी माणसं रामलिंगाच्या दरीत अंग चोरून राहिलो. अण्णा तेवढे गावात, दुकानापाशी राहिले. मे महिना. ओढा आटलेला. वाटेवर सकाळसंध्याकाळ पहारा. दुपारी बाराला मात्र पहारेकरीसुद्धा सावलीला जायचे. स्टेशनवरचे पॉइंट्समन खाजाभाई, तेही आज मागं बसलेत, त्यांनीच अण्णांना सांगितलं होतं, “शेटजी, बारा बजे रास्ता खाली रहता है. जाना है तो तभी.”

बाराला! ज्या माणसानं जन्मात बाराच्या उन्हात पाऊल टाकलं नाही, त्याला.

आणि ते येत होते, मंडळी. साठीला टेकलेला माणूस, खांद्यावर घागर, फडक्यात भाकरी, ओठ पांढरे पडलेले. दरीत उतरले की आधी मागं वळून बघायचे, मग घागर खाली ठेवायचे. आमच्याशी एक शब्द बोलायचे नाहीत, दात वाजत असायचे. रोज यायचे. भित्रा माणूस रोज येतो म्हणजे काय, हे न भिणाऱ्यांना कळायचं नाही. हे सगळं कुणाला सांगायचं नाही असं त्यांनी आम्हाला बजावलं होतं. मी आजवर पाळलं. आता तोंडातून गेलंच आहे.

एक दिवस ते आले नाहीत. आम्हाला वाटलं, वाटेवर पहारा बसला असेल. गंगम्मा तापानं फणफणल्या होत्या. मडक्यात घोट दोन घोट पाणी होतं, ते त्यांनी लेकरांना द्यायला लावलं. संध्याकाळी त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी बाराला अण्णा आले, त्यांनी झाकलेलं अंग बघितलं, घागर ठेवली आणि परत गेले. त्यांनी काही विचारलं नाही, आम्ही काही सांगितलं नाही. दोष तरी कुणाला द्यायचा होता? पुढं पावसाळा आला, राज्य बदललं, माणसं घरी परतली, आणि जो तो आपापल्या कामाला लागला.

‘उंबऱ्यावरची घागर’मधली ती पानं वाचली आणि मी पुस्तक तसंच उपडं ठेवून येडशीला गेले, खाजाभाईंना गाठलं. म्हटलं, त्या दिवशी पहारा होता ना? ते बराच वेळ हातातली बत्ती पुसत राहिले. मग म्हणाले, “नहीं बाई. रास्ता खाली था. शेटजी घागर भरके दहलीज पर बैठे थे. मैंने आवाज भी दी. उठे नहीं.” दहलीज म्हणजे उंबरा, मंडळी.

बंदुकीला भ्याले की बाराच्या उन्हाला, ते अण्णांनाच ठाऊक. मला ते जाणून घ्यायचं नाही. आपल्यापैकी ज्याचे पाय त्या उन्हाळ्यात एकदाही जागच्या जागी गळाले नाहीत, त्यानं खुशाल हात वर करावा.

पाहिलंत? कुणाचाच हात वर नाही.

प्राध्यापक महाशय, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर आता पुरतं करते. लेखणी उतरली, पण वयानं नाही. या माणसानं पूर्वी दुसऱ्यांना घाबरवायला लिहिलं. ही तीन पुस्तकं त्यानं एका बाईला पाणी पाजायला लिहिली. तीनदा पाजलं, तरी त्याला वाटतं की ओंजळ कोरडीच आहे. आणि तरीही पुस्तकं फसली, हे मी मागं घेणार नाही. मी मास्तरीण आहे, भावाला म्हणून वाढीव मार्क देणार नाही. ती फसली, कारण ती बाई बोलत नाही. मुकी बाई तीन-तीन पुस्तकं कोण वाचेल? आणि ती बोलत नाही, कारण ती काय बोलली असेल याची लिहिणाऱ्याला धास्ती आहे.

अण्णा, या आठवड्यात दोनदा मी तुमच्याकडं आले. विषय काढला की तुम्ही पुस्तकं आवरायला लागायचा, शालीचा रंग कोणता असेल म्हणून विचारायचा. घरात तुम्ही मला बोलू दिलं नाहीत, म्हणून एवढ्या लोकांत बोलते. इथं तुम्हाला उठून जाता यायचं नाही. मी बोलणार.

त्या दुपारी तुमची वाट बघत आम्ही सगळ्या वर तोंड करून बसलो होतो. रडत होतो, चिडत होतो. तुम्हाला शिव्यासुद्धा दिल्या, मी पण दिल्या. गंगम्मा माझ्या मांडीवर होत्या. शुद्धीवर होत्या. मला वाटलं, पाणी मागतील. त्यांनी मला खाली ओढलं आणि त्या वाटेकडं हात हलवत राहिल्या, समोर कुणी उभं असावं तसा. म्हणाल्या, “तम्मा, बरब्याड. येऊ नकोस रे. आज ऊन लई हाय.” दोनदा म्हणाल्या. त्यानंतर बोलल्या नाहीत.

अण्णा, त्या बाईनं तुम्हाला बोलावलंच नव्हतं.

अध्यक्षमहाराज, एकच मागणं मागते. सत्कारमूर्तींनी खिशातला तो कागद आज वाचू नये. उत्तराचं भाषण आज कार्यक्रमातून वगळावं. त्यांचं उत्तर आम्ही छापून आल्यावर वाचू. त्यात भीती असो नसो, ती बाई तेवढी बोलू दे. मग प्राध्यापक महाशयांनी खुशाल त्याची चिरफाड करावी, मी स्वतः त्यांच्या पंक्तीला बसेन.

वाचनालयानं एका बाईमाणसाला एवढा वेळ बोलू दिलं, खाजाभाई येडशीहून आले, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मी सगळ्यांची ऋणी आहे. दिलेला विषय सोडला, मान्यवरांचा अधिक्षेप झाला असेल, आणि घरची गोष्ट चारचौघांत काढली. अध्यक्षांनी आणि सभेनं हे पोटात घालावं. अण्णा, तुम्ही घरी गेल्यावर काय ते बोला, मी ऐकून घेईन.