‘बरा आहे’ म्हणायची सवय

आजच्या समारंभाचे अध्यक्ष प्रसादजी, व्यासपीठावरचे पाहुणे हरीशराव, सत्कारमूर्ती सरलाताई, आणि सँडरिंगहॅममधली मिठाईची दुकानं ओलांडून चक्क वेळेवर पोचलेल्या बंधुभगिनींनो, नमस्कार आणि इथल्या माओरी रिवाजाने किया ओरा!

मी राजाराम. मी बसूनच बोलणार आहे, त्याचं कारण ओघात येईलच.

सरलाताई डनीडिनला लेकीकडे कायमच्या निघाल्या. गेली आठ वर्षं दर मंगळवारी त्यांनी याच हॉलमध्ये आपल्या लोकांना सरकारी पत्रं समजावून सांगितली. त्यातलं एक पत्र माझं होतं.

सन दोन हजार पंधरा. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. सकाळी मी अगदी तुमच्यासारखा दिसतो, दुपारनंतर पाय ऐकत नाहीत आणि बोटं तर मुळीच नाहीत. आयटीतली नोकरी सुटली. अपंगत्वाच्या भत्त्यासाठी अर्ज केला, तर उत्तर आलं की तुम्ही आठवड्याला पंधरा तास सहज काम करू शकता. तेव्हा नोकरी शोधा, आणि शोधताय याचे पुरावे आणा! न्यू लिनला एका सेमिनारलाही बसवलं. वीस वर्षं कॉम्प्युटरवर काढलेल्या माणसाला माउस कसा धरायचा ते शिकवलं. गंमत अशी, की त्या दुपारी मला तो खरोखरच धरता येत नव्हता.

पत्र घेऊन ताईंकडे गेलो. त्यांनी विचारलं, “तपासणीला किती वाजता गेला होतात?”

“सकाळी नऊला. इस्त्रीचा शर्ट घालून.”

“आणि डॉक्टरांनी कसे आहात विचारल्यावर काय म्हणालात?”

“म्हटलं, बरा आहे. वर इथल्या लोकांसारखं ‘स्वीट ॲज’, म्हणजे एकदम मस्त!”

“म्हणजे खोटं बोललात.”

राग आला हो मला! पन्नाशीच्या माणसाला असं कुणी बोलतं? पण ताईंनी वही पुढे सरकवली. “दोन आठवडे रोज लिहा. काय जमलं नाही, तेवढंच लिहा.” मग अपिलाचा अर्ज भरला. सेमिनारला जाण्याऐवजी अधिकाऱ्यांशी फोनवर बोलायची परवानगी मागून घेतली, तीही मिळाली. सुनावणी सकाळची होती, ती त्यांनी मुद्दाम दुपारी तीनला करून घेतली.

अपील ऐकणाऱ्या मंडळात तिघं होते. माझ्या एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला माझी बायको विनया. अध्यक्षबाईंनी हसून विचारलं, “हाऊ आर यू टुडे?” ‘गुड’ अगदी जिभेवर आलं होतं. ते गिळलं आणि वही उघडून वाचायला लागलो.

शर्टाची बटणं विनया लावते. डेअरीत पाकिटातून नाणी निघत नाहीत, म्हणून दूध काउंटरवर ठेवून ‘पाकीट विसरलो’ म्हणतो. आणि मागच्या गुरुवारी बाथरूममध्ये पडलो होतो. चाळीस मिनिटं तिथेच होतो. विनयाला ऑफिसातून बोलवायचं नव्हतं.

हे शेवटचं विनयाला ठाऊक नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि पुढचं पान मला वाचता येईना. ते ताईंनी वाचलं.

परतताना विनयाने गाडी मध्येच थांबवली. “आणखी काय काय लपवलंयस?” मी सांगत गेलो. शेजारच्या दुकानातून तिने गरम सामोसे आणले, एक माझ्या हातात दिला, आणि तो खाली पडला. माझ्या आजारावर पहिल्यांदाच आम्ही दोघंही हसलो.

तीन आठवड्यांनी निर्णय बदलल्याचं पत्र आलं. नोकरी शोधायची सक्ती गेली. गंमत बघा, सक्ती गेल्यावर मी स्वतःहून आठवड्याला चार तास घरून काम धरलं. सकाळचे चार तास!

आपल्या मराठी मंडळाने मला आज बोलायची संधी दिली, स्वयंसेवक सिद्धी आणि वेदांतने खुर्ची माइकपाशी आणून दिली, आपण शांतपणे ऐकलंत. सगळ्यांचा ऋणी आहे. कुणाचं नाव राहिलं असेल, कुठे शब्द वावगा गेला असेल, तर पोटात घाला.

आणि ताई, आभार मानले की तुम्ही रागावता. आज खुशाल रागवा.