टोकाकडून सोडवायचा गुंता

बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघीजणी होत्या. कुत्र्यांचे केस विंचरायला-कापायला शिकवणाऱ्या संध्याकाळच्या क्लासमधून परतत होत्या.

“मावशी, आज त्या झिपऱ्याला विंचरताना रडलात का हो?”

“सरांनी दाखवलं ना, केस मुळाशी धरायचे आणि टोकाकडून गुंता सोडवायचा. त्यानं हूं की चूं केलं नाही गं.”

“मग चांगलंच की!”

“माझी लेक रोज शाळेआधी विंचरताना भोकाड पसरायची. मी आपली वरून खसाखसा ओढायचे, वर धपाटा. सहावीत तिनं वेणीच कापून टाकली. तेव्हापासून केस बारीकच.”

“सांगितलंत तिला?”

“आत्ताच, फोनवर. आधी खूप हसली.”

“मग?”

“मग म्हणाली, ‘केस वाढवते. लांब झाले की विंचरून दे.’”