कॅप्टनची टेहळणी

बिजागरीच हवी ना? देतो की, बसा तुम्ही! पण आधी मला सांगा, माणसानं स्वतःच्याच दुकानात तोंड शिवून बसायचं म्हणजे काय? तुम्हाला सांगतो, मी मुळात कमी बोलणारा माणूस... तो मागे गल्ल्यावर ताठ बसलाय ना, तो माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. लष्करात कॅप्टन होता! ते सोडलं आणि आता या वयात पोरांच्या बाकावर बसून एमबीए करतोय! का, तर म्हणे, "दाजी, मला स्वतःचा धंदा काढायचाय." अरे, मग माझ्याकडे ये, बस, मी सांगतो, फुकट सांगतो! पण नाही, कॉलेजच हवं.

आता तिथली गंमत ऐका. प्राध्यापक आत आले की हा खाडकन उभा, आणि हा उभा म्हणून अख्खा वर्ग उभा! प्राध्यापक बिचारे मागे वळून बघतात, आपल्यामागून कोण मोठे साहेब आले? पहिल्या सत्रात सांगितलं, एका बुडत्या कंपनीवर वीस पानं लिहा. यानं काय लिहावं? "कंपनी बुडतेय. कारण, मालक. उपाय, मालक बदला." झालं, नापास! प्राध्यापक म्हणाले, "कॅप्टन, इथं हुकूम चालत नाही, पुरावा लागतो. पुढचा प्रकल्प एखाद्या खऱ्या दुकानावर करा. पण तोही गेला तर वर्ष गेलं."

चेहरा पडला हो त्याचा... गोळीला न डगमगलेला माणूस, पण घास उतरेना. आणि इकडे बायको माझ्यापुढे उभी, "तुमचं दुकान द्या त्याला. माझा भाऊ नापास झाला ना, तर बघा!" आता बघा म्हणजे काय बघा, हे मी इतक्या वर्षांच्या संसारात विचारलेलं नाही! कमी बोलणारा माणूस मी...

दिलं दुकान. म्हटलं येईल, चहा घेईल, चार प्रश्न विचारेल. कसलं काय! हा जाऊन बसला समोरच्या सलूनमध्ये. टेहळणी म्हणे! तिथं बसायला निमित्त हवं म्हणून रोज दाढी, मग सकाळ-संध्याकाळ दाढी, गाल नुसते सोललेल्या बटाट्यासारखे! आणि आरशातून नजर माझ्या दुकानावर! तोंडभर फेस, कोण ओळखणार? आमचा जुना नोकर धापा टाकत आला, "मालक, समोर कोणीतरी दबा धरून बसलंय, धाड पडणार!" मी शटर ओढलं, दोघं अंधारात श्वास रोखून बसलो, तर बाहेरून धाडधाड! "दाजी, दुकान वेळेआधी बंद का? कारण सांगा, लिहायचंय!"

मग सादरीकरण. दुकानाचा मालकही हजर हवा, म्हणून मी इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत. पडद्यावर माझ्या दुकानाचा नकाशा, नकाशात लाल गोल... आणि गोलात कोण? मी! "मुख्य अडथळा, मालकाचं बोलणं. गिऱ्हाईक खिळे मागतं, मालक स्वतःच्या लग्नाची गोष्ट सांगतो, गिऱ्हाईक निघून जातं." अंगाची लाही लाही झाली! प्राध्यापक माझ्याकडे वळले, "मालक, हे तुम्हाला मान्य आहे?" कॅप्टन मान खाली घालून उभा. "हो" म्हणावं तर माझी अब्रू जाते, "नाही" म्हणावं तर त्याचं वर्ष!

उठलो. म्हटलं, थोडक्यात सांगतो. वडिलांनी दुकान काढलं तिथून फक्त सुरुवात केली, माझ्या लग्नापर्यंत पोचतोय तोच घंटा झाली! मागची पोरं डबे उचलून पसार. प्राध्यापक म्हणाले, "बसा मालक. कॅप्टन, पुरावा मिळाला."

वर्गात पहिला आला हो! बायको म्हणाली, "जन्मात एकदा तरी तुमचं बोलणं कामी आलं."

आता सुट्टीभर गल्ल्यावर तोच. "काय? किती? घ्या." याला काय धंदा म्हणतात? विक्री वाढलीय, पण हे बाहेर बोलू नका... तर तुमची बिजागरी... अहो? कॅप्टन, आत्ता इथं गिऱ्हाईक होतं ना रे?

"होतं, दाजी. बिजागरी घेऊन गेलं. तेव्हा तुमची गोष्ट सलूनपर्यंत आली होती."

सलूनपर्यंत? म्हणजे तू पहिला आलास ते ऐकलंच नाही त्यांनी!... जाऊ दे. मी तरी काय करणार, कमी बोलणारा माणूस!